घरातला नियम

"घरात मराठीच बोलायचं!" जपानमध्ये, निशी-कसाईतल्या फ्लॅटमध्ये मेधाने आयुष्यभर डोकेफोड केली, पण ओजस बधला नाही. ती मराठीत ओरडायची, पोरगं जपानीत उत्तर देऊन मोकळं व्हायचं.

त्सुकुबाला शिकायला गेलेल्या त्याच पोराच्या खोलीत पोलिसांना गांजाची पुडी सापडली. नुसती जवळ बाळगली तरी इथे सात वर्षांपर्यंत तुरुंग, असं वकील म्हणाले.

कोठडीतल्या भेटीला ती काचेसमोर बसली. पलीकडे ओजस, त्याच्या शेजारी पोलीस. पोलिसाला सगळं कळायला हवं, म्हणून फक्त जपानीत बोलायचं, नाहीतर भेट बंद, असं तिला दारातच बजावलं होतं. तिचं जपानी भाजी आणण्यापुरतं. 'जेवतोस ना' कसं विचारायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती.

तेवढ्यात ओजसला रडू फुटलं. "आई गं, मला खूप भीती वाटतेय. मला घरी ने."

पोलिसाने हात वर केला.

मेधा घाईघाईने काचेला टेकली आणि तोडक्यामोडक्या जपानीत लेकाला विनवू लागली, "मराठी नको. मराठी नको."