रांजणात डोकावलेला निळा

काचेपलीकडे टांगलेला तो लहान मुलीचा सुती किमोनो आपलाच आहे, हे हिसायोला लांबूनच कळलं. कमरेवर तीन आडव्या रेघा होत्या, बाकीच्या कापडापेक्षा जरा गडद. आई दर उन्हाळ्यात कमरेची चूण थोडी थोडी उसवायची. पोर वाढायची, तसा किमोनोही वाढायचा. चुणीत दडलेलं कापड उन्हापासून वाचायचं, म्हणून त्या रेघा. बाकी काही नाही.

शेजारच्या पाटीवर मात्र भलतंच लिहिलं होतं. 'कलावंत: अज्ञात. निळीची सर्वांत फिकी छटा. हात आखडता घेण्याचा दुर्मीळ संयम. कमरेवरच्या रेघांत मात्र धाडस.'

कसला संयम आलाय. हिसायोला हसू आलं आणि रागही आला. तिची आई तोकुए निळीच्या रंगशाळेत रोजंदारीवर होती. जमिनीत पुरलेले रांजण ढवळायची. वापरून वापरून रांजणातली नीळ मेली, की मालक ते पाणी ओतून द्यायला सांगे. त्या ओतून द्यायच्या पाण्यात आईनं हे कापड आठ वेळा बुडवलं, दहा वेळा बुडवलं. चढला तेवढा रंग. 'रांजणात नुसता डोकावून आलेला निळा', असं रंगारी त्याला म्हणत. हल्ली शहरातल्या हौशी बायका तोच आवर्जून मागतात. तेव्हा ओबोनच्या सणातल्या नाचात पोरी विचारायच्या, "हिसायो, तांदूळ धुतलेल्या पाण्यात बुडवलाय का गं?" ती रडत घरी आली, तर आई म्हणाली, "निळा आहे ना? मग झालं तर."

आई जाऊन चाळीस वर्षं झाली. तिची पेटी हिसायोनं न उघडताच भंगारवाल्याला देऊन टाकली होती. ते मनाला लागून राहिलं होतं. वर्तमानपत्रात किमोनोचा फोटो पाहिला आणि तिनं ठरवूनच टाकलं, तोकुशिमाला जायचं, 'अज्ञात' खोडायला लावायचं आणि तिथे आईचं नाव लिहून घ्यायचं. जन्मभर त्या बाईला "ए ढवळणारे" एवढीच हाक मिळाली. एका पाटीवर तरी तिचं नाव लागू दे. हिसायो आता एक्याऐंशीची. आणखी किती थांबणार?

यायचं होतं एकटीनंच. पण ताकामात्सुला तिच्याबरोबर चहाविधी शिकणाऱ्या निशिओकाबाईंना कुठून तरी सुगावा लागला. "तुमच्या माहेरचं प्रदर्शन, आणि आम्हाला टांग देऊन जाताय होय?" असं म्हणत त्या आणखी दोघींना घेऊन आगगाडीत येऊन बसल्या.

माहेरचं म्हणे. लग्न जमवताना मध्यस्थ बाईनं सासरच्यांना ठोकून दिलं होतं, की मुलीच्या घरी निळीचे चाळीस रांजण आहेत. हिसायोनं ते खोडलं नाही. सासू गेली, नवरा गेला, थाप मात्र ठणठणीत राहिली. पुढे पुढे तर हिसायो स्वतःच आपल्या चाळीस रांजणांच्या गमती सांगायला लागली. बायका म्हणायच्या, हिसायोताईंचं बसणं-उठणंच खानदानी.

मांडणी करणाऱ्या माणसाला बाजूला घ्यायचं आणि हळूच सांगून टाकायचं, असा तिनं मनाशी बेत केला. तेवढ्यात निशिओकाबाईंनी त्यालाच हाक मारली.

"अहो, इकडे या जरा. अज्ञात अज्ञात काय लावलंय? या आमच्या हिसायोताई, चाळीस रांजणांच्या घरातल्या. त्यांना विचारा की."

मोरिवाकी नावाचा तो तरुण लगबगीनं आला, कमरेत वाकला. "आजी, दोन वर्षं शोधतोय मी. हा किमोनो ज्या पेटीत सापडला ती रंगशाळेमागच्या मजुरांच्या चाळीतली, एवढंच भंगारवाला सांगू शकला. रांजण ढवळणाऱ्या कुणा बाईची असावी. तुमच्या काही लक्षात आहे का?"

तिघी जणी हिसायोकडे बघत होत्या. कौतुकानं बघत होत्या, हेच वाईट होतं. 'माझी आई', एवढे दोन शब्द म्हणायचे होते. गाडीत बसल्यापासून ती तेच घोकत आली होती.

"तोकुए," ती म्हणाली. "तोकुए नाव तिचं. आमच्याकडे कामाला होती."

मोरिवाकीनं नाव लिहून घेतलं. परत एकदा मोठ्यानं वाचलं. त्याचे डोळे भरून आले होते. "आजच पाटी बदलतो, आजी."

"बघा," निशिओकाबाई बाकीच्या दोघींना म्हणाल्या, "कामाच्या बायकांचीसुद्धा नावं लक्षात आहेत यांच्या. याला म्हणतात घराणं."

हिसायोनं मान खाली घातली. सगळ्यांना तो विनयच वाटला. झालं ते बरं झालं, निदान नाव तरी लागलं, असं ती स्वतःला बजावत होती. आता इथून निघायला हवं होतं.

"आजी, एकच विचारतो," मोरिवाकी म्हणाला. "किमोनो मुलीचा आहे, म्हणजे या तोकुएबाईंना मुलगी असणार. ती कुठे असते, काही कल्पना? तिला एकदा हे दाखवावं, असं फार वाटतं."

"होती एक मुलगी," हिसायो म्हणाली. "जगली नाही."