शनिवारचा गुडघा

“आता बाहेर रस्त्यावर जाऊन बघतो, तिथून दिसतंय का,” म्हणत कॅमेरेवाला उठला. टीव्हीखाली रेकॉर्डरचे दिवे लुकलुकत होते. त्याची वायर इंटरनेटच्या डब्यात गेली होती. घरच्या वायफायशिवाय त्याच्या मोबाईलवर चित्र आलं, की लेकीला तिच्या शहरातही हे घर दिसणार होतं.

आईला मात्र हे परवडणारं नव्हतं. कारण तिचा गुडघा.

हा गुडघा मोठा इमानी. वर्षभर दुखत होता, पण फक्त लेकीच्या फोनवर. बाकी वेळ त्याच गुडघ्याच्या जोरावर आई स्टुलावर चढून पंखे पुसायची, भरल्या बादल्या गच्चीवर न्यायची. मांजरामागे धावली तर आधी मांजर दमायचं. डॉक्टरांना मात्र तिने तो दाखवला नव्हता. न जाणो, बरा केला असता तर? लेक दर शनिवारी ऑफिसातून रजा काढून यायची, ती या दुखण्यापायीच. यायची आणि आईच्या पलंगावर आडवी व्हायची, ती दुपार कलली तरी उठायची नाही. प्रवासाने दमते बिचारी, असं आई म्हणायची आणि पडदे ओढून घ्यायची. गुडघा बरा झाला, की शनिवार गेलाच.

कॅमेरेवाला परत आला. चित्र लख्ख दिसत होतं म्हणे.

“म्हणजे लेक तिकडून कधीही बघणार?” आईने विचारलं.

“कधीही, मावशी. मोबाईल हातात घेतला की झालं.”

आईचा जीव भांड्यात पडला. मोबाईल म्हटला की आधी घंटी वाजणार. घंटी न वाजवता दुसऱ्याच्या घरात डोकावणारी तिची लेक नव्हे. वळण तिनेच तर लावलं होतं.

त्या दिवसापासून फोन वाजला की आई आधी कोपऱ्यातली काठी घेऊ लागली. मग कॅमेऱ्यासमोरून लंगडत जाऊन फोन उचलायचा, आणि कण्हायचं ते थेट कॅमेऱ्याकडे बघून. फोन ठेवला की काठी कोपऱ्यात आणि आई स्टुलावर. कॅमेऱ्याची काचसुद्धा ती रोज घासूनपुसून ठेवायची. लंगडणं कसं स्वच्छ दिसायला हवं.

तिकडे जावई मोबाईलवर हे सगळं बघून हसून हसून आडवा झाला. सासूबाईंचं नाक पडदाभर पसरलं होतं आणि त्यावरून फडकं फिरत होतं. त्या आपल्यापेक्षा ठणठणीत आहेत, तेव्हा या शनिवारी जायचं काही कारण नाही, असं त्याने बायकोला सांगून टाकलं. त्याच्या बहिणी जेवायला यायच्या होत्या.

लेकीने पडद्याकडे बघत आपल्या फोनवरून आईला फोन लावला. आईने स्टुलावरून उडी मारली आणि काठीकडे धूम ठोकली. ती काठी टेकत, लंगडत येईपर्यंत लेकीने घंटी वाजू दिली.

“तिला एक अक्षर सांगायचं नाही,” ती हळूच नवऱ्याला म्हणाली. “साहेबांकडे शनिवारची रजा मग मी कोणाच्या गुडघ्यासाठी मागू?”