लाल पट्टीचा पिंजरा

चोवीस उंदीर, चार पिंजरे, एकेका पिंजऱ्यात सहा. निळ्या पट्टीच्या पिंजऱ्याला नुसतं पाणी. लाल पट्टीला विष. पिवळीला विष आणि वर पानांचा अर्क. हिरवीला नुसता अर्क. दहाव्या दिवशी सकाळी मामांनी पुन्हा मोजले. चोवीसच्या चोवीस जिवंत होते.

प्रयोगशाळेतल्या प्राण्यांची देखभाल करणाऱ्या या माणसाला लहानथोर सगळे मामाच म्हणत. बावीस वर्षं झाली होती, निवृत्तीला चार महिने उरले होते. विष टोचायचं काम संशोधन करणाऱ्या ताईचं. रोज सकाळी बिनसुईच्या पिचकारीने अर्क पाजायचं काम मामांचं. लाल पिंजऱ्यालाही पिचकारी असायची, पण साध्या पाण्याची.

विषाने यकृताच्या पेशी गंजतात आणि हे पान तो गंज स्वतःवर घेतं, असं ताईने त्यांना समजावलं होतं. तीन वर्षं ती या एका पानामागे हात धुऊन लागली होती. लाल आणि पिवळ्यात फरक दिसला, तर अर्क पुढे इस्पितळात जाणार. नाही दिसला, तर फाइल बंद.

इस्पितळातला यकृताचा वॉर्ड मामांना खाटांच्या क्रमाने पाठ होता. मागच्या वर्षी त्यांची बायको तिथेच गेली. तेव्हा तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालू होती. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं रंगीत पाणी. कुणाच्या वाट्याला काय, ते बंद पाकिटात. पाकीट उघडलं, तेव्हा ती नव्हती. तिच्या नावापुढे 'पाणी' लिहिलेलं होतं.

म्हणून प्रयोगाच्या दुसऱ्याच दिवशी लाल पिंजऱ्यासमोर मामांचा हात अडखळला. पिवळ्याला पाजून उरलेला अर्क मोरीत ओतायचा, असा नियम होता. मोरीपेक्षा कुणाच्या पोटात गेलेला बरा, असं मनाशी म्हणत त्यांनी तो लाल पिंजऱ्याला पाजला. मग रोजच पाजू लागले. पाच जण मुकाट्याने घेत. चार नंबरचा मात्र खवीस निघाला. पहिल्याच घोटाला त्याने मामांच्या अंगठ्याचा लचका तोडला. "मर मग," मामा पुटपुटले, आणि पुन्हा त्याच्या वाटेला गेले नाहीत.

दहाव्या दिवशी ताईने सगळ्यांचं रक्त काढलं. उंदीर मामांच्या हातात गप्प बसत होते. ते बघून ती म्हणाली की, डॉक्टरेट खरं तर तुम्हालाच द्यायला हवी. मामा कसंनुसं हसले.

दुपारी यंत्रातून कागद आला. यकृत जितकं खराब, तितका आकडा मोठा. धडधाकट उंदराचा चाळीसच्या आसपास. निळा आणि हिरवा पिंजरा चाळिशीतच होता. ताईचं बोट पिवळ्यावरून लालवर गेलं, परत पिवळ्यावर आलं. मग तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. फरकच नव्हता. पान काहीच करत नव्हतं. विष घेतलेल्या बारापैकी अकरा जण एकाच रांगेत उभे होते. एकटा रांग सोडून होता. लाल पिंजरा, क्रमांक चार: ७४२.

"मामा, या चारला काही वेगळं दिलं होतं का?"

मामांनी पट्टी बांधलेला अंगठा मुठीत दाबला. बावीस वर्षं असे कागद बघून त्यांनाही आकडे वाचता येऊ लागले होते. त्यांनी पाचांकडे पाहिलं, मग एकाकडे पाहिलं. चार महिने उरले होते.

"नाही ताई. त्याला काहीच दिलं नाही."

ताईने मान डोलावली. आधीपासूनच आजारी असणार, म्हणाली. तिने ७४२ वर आडवी रेघ मारली, बाजूला 'वगळला' असा शेरा लिहिला, आणि उरलेल्यांची सरासरी काढली.

लाल पिंजरा, पाच उंदीर: १८८. पिवळा पिंजरा, सहा उंदीर: १८६.