जोडलेलं घर

जॉर्डनमधल्या इर्बिद शहरातल्या एका इमारतीत अबू मुतसिमचा डेटा महिनाअखेरीसही उरायचा. भिंतीपलीकडच्या विधवा उम्म नवाफचा मात्र पंधरवड्यातच संपायचा, वर जादा बिल यायचं ते वेगळंच. “दिवसभर व्हिडिओ बघत बसल्यावर दुसरं काय होणार!” हे तो साऱ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणायचा.

एका संध्याकाळी तिनं आपल्या दारातून त्याला हाक मारली. “अबू मुतसिम, मी तर मुलाशी बोलण्यापुरतंच नेट लावते हो. वापर कसा बघायचा ते जरा शिकवा ना.”

“त्यात काय मोठंसं? मी रोज बघतो!” त्यानं ऐटीत स्वतःचा फोन तिच्यापुढे धरला.

पडद्यावर जोडलेल्या वायफायचं नाव होतं, ‘अबू नवाफ’. तिचा नवरा. त्याच्या दुखवट्याला बसायला आल्यावर अबू मुतसिमनं पासवर्ड मागून घेतला होता. तेव्हापासून त्याचा फोन भिंतीआडून तिचंच नेट ओढत होता.

त्याची मान वर होईना.

“पासवर्ड बदलता आला असता हो,” ती हळूच म्हणाली, “पण दुखवट्याला आलेल्या माणसाच्या तोंडावर दार कसं लावायचं?”