इंजिनात काही नाही

चढ लागेपर्यंत तापमानाची सुई मधोमध होती, आणि मेकॅनिकला तिचाच राग येत होता. जुन्या जीपच्या मागच्या बाकावर बसून, पुढच्या दोन सीटांच्या फटीतून तो तिच्याकडे टक लावून बघत होता. रेडिएटर त्यानं खोलून धुतला होता. थर्मोस्टॅट नवा, पाण्याचा पंप नवा, पंख्याचा पट्टाही नवा. तो स्वतः जीप घेऊन हाच चढ चढून आला, तेव्हा सुई हललीसुद्धा नव्हती. आणि काका घरी घेऊन गेले की लगेच फोन : "अरे, परत उकळली."

"आज तुझ्या डोळ्यांनीच बघ," काका म्हणाले. पाठ ताठ, नाक जवळजवळ काचेला, असे ते चालवत होते.

शेजारी काकूंची टकळी चालू होती. "अगोबाई, दगड केवढा आलाय डावीकडे! ही कुणाची शेळी म्हणायची, ऐन रस्त्यात? हां, गेली बाई. समोरून टेम्पो येतोय बघा, किती तो धुरळा!"

गॅरेजमधून निघाल्यापासून त्यांच्या तोंडाला उसंत नव्हती. मेकॅनिकला इंजिनाचा आवाज ऐकायचा होता. पण या माउलीला गप्प बसा म्हणणार कोण?

चढाच्या तोंडाशी काकांनी जीप थांबवली आणि गिअरशेजारचा छोटा दांडा ओढला. मेकॅनिक चटकन पुढं वाकला. तो दांडा चिखलात रुतल्यावर नाहीतर खडकांतून जाताना ओढायचा. मग इंजिन जीव तोडून फिरतं आणि चाकं मुंगीच्या पावलांनी जातात.

"काका, हा कशाला?"

"चढ आहे."

"डांबरी रस्ता आहे हो. तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढते ही. रोज असंच नेता?"

"मला कुठं आगगाडी गाठायचीय?"

सुई वर सरकू लागली. म्हणजे एवढंच होतं! मेकॅनिकला हसू आलं, आणि लगेच ते ओसरलंही. या माणसानं ही जीप नदीनाल्यांतून हाकलेली. हा दांडा कधी ओढायचा, हे यांना मी सांगायचं?

"पुढं करा बघू तो, काका."

"नको."

"एकदा करून तर बघा."

"नको म्हटलं ना!"

तेवढ्यात काकूंना ठसका लागला. त्या खोकत खोकत पायाशी बाटली शोधू लागल्या, आणि जीप थांबली. भर रस्त्यात. समोर वळण नव्हतं, खड्डा नव्हता, चिटपाखरू नव्हतं. काका स्टीअरिंग घट्ट धरून बसले होते. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग चिडून वळसा घालून ती निघून गेली. काका हलले नाहीत.

"काय झालं काका?"



"गेला बाई ठसका," काकू घाईनं म्हणाल्या. "रस्ता काय मोकळा आहे आज! पुढं उजवीकडे वळेपर्यंत कुणी म्हणून नाही."

जीप हलली.

मेकॅनिकला आत्ता कळलं. काकू गप्पा मारत नव्हत्या. रस्ता सांगत होत्या.

वळणापलीकडे वाफ निघायला लागली. "इथं कडेला बरीच जागा आहे हं," काकू म्हणाल्या आणि काकांनी गाडी बाजूला घेतली. मेकॅनिकनं उतरून बॉनेट उघडलं आणि तो उगाचच आत बघत उभा राहिला. इंजिनाचं असतं तर त्यानं धडाधड सांगून टाकलं असतं. हे कसं सांगायचं? आणि कुणाला? वर त्या दोघांचंच घर होतं. तिथं बस जात नव्हती, रिक्षावाले यायला तयार नसत. गाडी थांबली की घर सुटलं. आणि नाही थांबली तर? खाली दरीकडे त्याची नजर गेली.

काकू उतरून त्याच्याजवळ आल्या. "त्यांना काही बोलू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "मला कळलंय, हे त्यांना ठाऊक नाही."

मेकॅनिक बघतच राहिला. "अहो काकू, तुम्ही बोलायचं थांबलात की ते थांबतात!"

काकूंनी वळून जीपकडे पाहिलं.

"सापडला का दोष?" काकांनी सीटवरूनच विचारलं.

"इंजिनात काही नाही, काका."

मग कशात आहे, असं काकांनी विचारलं नाही. 

"मला शिकवशील?" काकूंनी मेकॅनिकला विचारलं. आवाज दोघांनाही ऐकू जाईल असा होता.

"काय?"

"गाडी. उद्यापासून."

"या वयात?" काका म्हणाले.

"मग काय, जन्मभर बाजूला बसून बडबडच करू?"

 अगदी खालच्या आवाजात काकांनी विचारलं, "कधीपासून कळलंय तुला?"

"तुम्ही पेपर वाचायचं सोडलंत तेव्हापासून. डॉक्टरकडे जाऊन आलात ना मला न सांगता? काय म्हणाले, तेवढं तरी सांगा."

"चालवू नका म्हणाले."

काकूंनी मान हलवली आणि त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. इंजिन जरा निवल्यावर मेकॅनिकनं पाणी भरलं, बॉनेट लावलं आणि छोटा दांडा पुढं ढकलला. चालवायला आता तोच बसणार होता.

काका उतरले. पुढून वळसा घालून पलीकडच्या सीटकडे जाताना त्यांनी बॉनेटवर तळवा टेकला. पत्रा अजून चटके देत होता. 'भाजेल' असं मेकॅनिकच्या ओठांवर आलं होतं, पण तो गप्प राहिला. काकांनी हात उचलला नाही. तसाच पत्र्यावरून सरकवत ते पलीकडच्या दारापर्यंत गेले.