रविवारचा खोकला

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. रविवारची सकाळ. चिमणीच्या छातीत पुन्हा शीळ वाजत होती आणि तिचे वडील एक डोळा बारीक करून तिच्याकडे बघत होते. ते घड्याळजी होते. भिंग नसतानाही तसंच बघायची सवय लागली होती.

सात वर्षांची चिमणी एरवी ठणठणीत असायची. रविवार उजाडला की खोकला, आणि मंगळवारी गायब. औषधाच्या बाटल्यांमागून बाटल्या संपल्या. आजीचं निदान सोपं होतं. “आई आली की लाड सुचतात, दुसरं काय!”

चिमणीची आई तीन तासांवरच्या शहरात साबणाच्या कारखान्यात वड्यांना कागद गुंडाळायच्या कामावर होती. आठवडाभर तिकडेच राहायची, शनिवारी संध्याकाळी यायची. येताना तुटक्या, वाकड्या वड्यांची पिशवी आणायची. कामगारांना त्या तशाच मिळत. मग रविवारभर घर धुतलं जायचं. चादरी, पडदे, फरशी, चिमणीचे केस. गल्लीच्या तोंडापर्यंत गुलाबाचा वास. शेजारणी म्हणायच्या, “घर आहे की अत्तराची कुपी!” साबणावर कोण संशय घेणार? तो तर घाण काढायला असतो.

“घड्याळ अडलं की मी एकेक चाक काढून बघतो,” घड्याळजी म्हणाले. “इथंही तेच करू. ज्यानं खोकला येतो ते सापडलं, की या घरात राहणार नाही. मग ते काहीही असो.”

“काहीही?” चिमणीनं विचारलं.

“काहीही.”

चिमणीनं थोडा विचार केला. “मग मांजरामुळे होतं, बाबा.”

मांजर तिचं लाडकं. तिनंच ते टोपलीत घालून कोपऱ्यावरच्या छापखान्यात पोचवलं. पुढच्या रविवारी खोकला आलाच. मग चिमणी म्हणाली, उशीमुळे. उशी गेली. मग म्हणाली, आजीच्या तपकिरीमुळे.

“आता माझ्या नाकावर आली का बया!” आजी कडाडली. पण तिलाही डबी घेऊन अंगणात जावं लागलं. खोकला हटला नाही. घड्याळजींनी वहीत तिसरी ओळ खोडली.

चौथ्या रविवारी कारखान्यात जादा काम निघालं आणि आई आलीच नाही. चिमणी दिवसभर उंबऱ्यावर बसून होती. दुपारी ती दोनदा खोकली. जरा मोठ्यानंच.

“बघ! आई नाही तरी खोकला आहेच,” आजी म्हणाली.

घड्याळजींनी मात्र मान हलवली. टिकटिक ऐकण्यात त्यांचा कान मुरलेला होता. या खोकल्यात शीळ नव्हती. हा खोकला खोटा होता. जी पोर दर रविवारी खरं खोकते, तिनं आजच सोंग का करावं? त्यांना काही उलगडेना. एवढं मात्र कळलं की आज घरात एकच चाक कमी होतं.

सोमवारी दुकान बंद ठेवून ते बसनं शहरात गेले. कारखान्याच्या फाटकाशी अर्धा तास उभे राहिले, तर डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जेवणाच्या सुट्टीत बायको बाहेर आली.

“अगं, हा वास सहन कसा होतो तुला?”

“कसला वास?” ती म्हणाली.

त्यांनी तिचा पदर हातात घेऊन नाकाशी धरला. “काल तू नव्हतीस, तर पोरीच्या छातीत शीळ वाजली नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी पदर सोडला. तिला सगळं समजलं.

“अहो, म्हणजे मी यायचंच नाही का घरी?”

उत्तर तिच्यापाशीच होतं. डोळे पुसून ती मुकादमाकडे गेली आणि साबण शिजवायच्या खात्यात बदली मागून घेतली. तिथं धग फार, म्हणून कुणी जायला मागत नसे. पण तिथला साबण वास मिसळण्याआधीचा.

त्या शनिवारी ती शहरातूनच केस धुऊन, साधं धुतलेलं लुगडं नेसून आली. पिशवीत पिवळट, ओबडधोबड तुकडे होते. आजीनं एक तुकडा हुंगला. “बिनवासाचा साबण? म्हणजे बिननाकाचा चेहराच की!” पण घर त्यानंच धुतलं. रविवारी संध्याकाळपर्यंत शीळ वाजली नाही. पुढच्या रविवारीही नाही.

आजी नव्वदीपर्यंत जगली आणि ‘साबणाचा मला पहिल्यापासून संशय होता’ असं सगळ्यांना सांगत राहिली. मांजर छापखान्यातच लठ्ठ होऊन राहिलं, बोलावलं तरी परत आलं नाही. घड्याळजींची नजर अधू झाली तेव्हा ते नुसत्या कानानं घड्याळं दुरुस्त करत. आईनं बावीस वर्षं साबण शिजवला. चिमणी मोठी होऊन जमीनमोजणीच्या खात्यात लागली आणि रानोमाळ हिंडली.

आई निवृत्त होऊन कायमची घरी आली, त्या दिवशी मायलेकी जुन्या गोष्टी काढून बसल्या होत्या.

“बाकी कुणाला नाही, पण तुलाही कसं गं कळलं नाही तेव्हा?” आईनं विचारलं.

“कळलं होतं की,” चिमणी म्हणाली. “तुझ्या कुशीत शिरलं की दम लागायचा.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू यायची थांबली असतीस.”