अपूर्वचं घड्याळ

घड्याळांवर बोलायला आलेल्या देवस्थळींनी चंद्रावर गेलेलं घड्याळ संपवलं, एव्हरेस्टवर चढलेलं संपवलं, पाणबुड्याच्या मनगटावर बसून समुद्राचा तळ पाहून आलेलंही संपवलं. बोलणं म्हणजे नुसता धबधबा. पनवेलच्या त्या छोट्या हॉलमधली ट्रेकर पोरं आ वासून ऐकत होती. पहिल्या रांगेत प्रभाकरराव आणि कुमुदताई बसले होते. दरवर्षी बसायचे. मुलगा गेल्याचा दरवर्षी सत्कार, नारळ आणि शाल.

"आता आपल्या घरचं घड्याळ!" म्हणत ग्रुपचा म्होरक्या जीवन उठला. करंजाड्याचा गडी. डोंगरात वाघ, पण माईक दिसला की घाम फुटायचा. टेबलावर अपूर्वचा हार घातलेला फोटो आणि पुढ्यात काचेच्या पेटीत ते घड्याळ होतं.

"परबळगडावर धुक्यात आमचा अपूर्व मागं राहिला. कधी पडला, कुनी नाय बघितला. पन ह्या घड्याळानं सांगितला. चार वाजून धा मिन्टं. त्याच्या संगतीनंच जीव सोडला यानं. नऊ वर्सं झाली, आमी कुनी हात नाय लावला."

टाळ्या पडल्या. पुढचंही पाठच होतं. अपूर्व रविवारी पडला. सोमवारी सकाळपासून पोरांनी दरी धुंडाळली, त्यात एकाचा पाय मोडला. "आमी म्हनत होतो, अजून शोधतो. पन दुपारी ह्या काकांनी हात जोडले. म्हनले, बस करा रे. माझा गेला तो गेला, दुसऱ्या आईचं पोर नको जायला. असा बाप हाय हा!"

पुन्हा टाळ्या. प्रभाकररावांनी मान खाली घातली. खोटं कशाला बोला, दरवर्षी हे ऐकून त्यांना जरा बरं वाटायचं. कुमुदताई मात्र इथे आल्या की दगड होऊन बसायच्या. त्या सोमवारी त्यांनी नवऱ्याचे पाय धरले होते, शोध थांबवू नका म्हणून. शुक्रवारी गुराख्यांना प्रेत सापडलं. त्यानंतर घरात सणवार झाले, औषधपाणी झालं, नवऱ्याला वेळेवर ताट मिळालं, सगळं झालं. पण 'तुमचं बरोबर होतं' एवढे तीन शब्द त्या बाईच्या तोंडून बाहेर पडले नाहीत. आणि त्या तीन शब्दांसाठी प्रभाकरराव झुरत होते.

"बघू तरी," म्हणत देवस्थळींनी पेटी उघडलीसुद्धा. शौकीन माणूस, घड्याळ दिसलं की हात शिवशिवणारच! जीवन "अहो, अहो" करत पुढे होईतो त्यांनी ते कानाशी धरलं, दोनतीनदा हलवलं, आणि काटा पळायला लागला.

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. "चालू झालं! अपूर्वचं घड्याळ चालू झालं!" कुणी मोबाइल काढले, कुणी हात जोडले, मागची एक बाई तर रडायलाच लागली.

"चमत्कार कसला हो," देवस्थळी हसत म्हणाले. "हे ऑटोमॅटिक. मनगट हललं की याला चावी बसते. मनगट थांबलं की दिवस-दीड दिवस चालतं आणि मग झोपतं. हे पडून बिघडलेलं नाहीच मुळी." त्या गोंधळात त्यांचं ऐकतंय कोण! दोघांनी मात्र ऐकलं. देवस्थळींनी घड्याळ प्रभाकररावांच्या तळहातावर ठेवलं आणि ते फोटो काढून घ्यायला वळले.

नऊ वर्षांत प्रभाकररावांनी ते धड पाहिलं नव्हतं. बघवायचंच नाही. काट्यांच्या बाजूला वाराची बारीकशी चौकट होती. घड्याळ नवं कोरं होतं तेव्हा, ट्रेकच्या आदल्या रात्री, त्यांनीच वार लावून दिला होता. शनि.

आता चौकटीत होतं, बुध.

प्रभाकररावांनी दिवस-दीड दिवस मागे मोजला. बुधवारी थांबलं. म्हणजे ते हात जोडून पोरांना घरी पाठवत होते, तेव्हा खाली अपूर्वचा हात हलत होता. मंगळवारीही हलत असेल. त्याने हाका मारल्या असतील. आईला मारल्या असतील, बाबांनाही मारल्या असतील. अरे देवा, आणि वर बाप मोठेपणा मिरवत होता.

"अहो," कुमुदताईंनी त्यांचा दंड धरला. मोतीबिंदूमुळे त्यांना इतकं बारीक दिसायचं नाही. "वार दिसतो ना त्यात? कुठल्या वारी थांबलं होतं?"

प्रभाकररावांनी चौकटीवर अंगठा ठेवला.

"सोम," ते म्हणाले. "सोमवार."

कुमुदताईंनी बोटांवर मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग त्यांचा चेहरा सैल पडला. इतक्या वर्षांत इतका सैल कधी पडला नव्हता.

"म्हणजे रविवारीच गेला तो. लगेच गेला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तुमचं बरोबर होतं हो. मीच मेली मनात धरून बसले."

प्रभाकररावांना ते ऐकवेना. कुमुदताईंनी घड्याळ घेतलं आणि चाचपडत, मायेने, त्यांच्या मनगटावर पट्टा आवळला.

"राहू दे हातात," त्या म्हणाल्या. "आणि हात हलवत राहा. आता थांबू द्यायचं नाही."